दिसणारा कान आणि ऐकणारा कान

मराठी भाषेनें कानाकडून जितकीं कामें करवून घेतलीं आहेत, तितकीं दुसऱ्या इंद्रियाकडून क्वचितच घेतलीं असतील. आपण कान टवकारतों, कान फुंकतों, कानाडोळा करतों, कानाला खडा लावतों; फार काय, भिंतीलाही कान देऊन मोकळे होतों. परंतु या सर्व बोलण्यांत 'कान' म्हणून आपण जें समजतों, तें डोक्याच्या दोहों बाजूंस दिसणारें एक वळणदार पान असतें. सोनार टोचतो तें हें पान, आणि कुंचीखालीं आई झांकते तेंही हेंच. ऐकण्याच्या कामांत त्याचा वांटा अगदीं थोडा. खरा ऐकणारा कान कवटीच्या हाडांत दीड-एक इंच आंत दडलेला असतो, आणि आपल्या घरांतल्या कोणीही तो कधीं पाहिलेला नसतो.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा असता, तर त्यासाठीं वाचकांचा वेळ घेण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु बाळ जन्माला आलें, कीं वडीलधाऱ्या बायका त्याच्या कानाच्या पाळीवरून पुढें रंग कसा निघेल तें सांगतात, कान मोठे असल्यास भाग्य सांगतात, आणि पाळींत कांहीं उणें दिसल्यास "ग्रहणांत कांहीं चिरलें होतेंस का ग?" असा प्रश्न सुनेला विचारतात. उलटपक्षीं कान अगदीं सुबक आहेत, पण मूल हांकेला वळत नाहीं, अशा ठिकाणीं "याचा बापही तीन वर्षांनीं बोलायला लागला" असें म्हणून सगळें घर स्वस्थ बसतें. पहिल्या बाबतींत आईवर विनाकारण दोष येतो. दुसऱ्या बाबतींत मुलाचा पुन्हां न येणारा काळ निघून जातो. दिसणाऱ्या कानावरून ऐकणाऱ्या कानाची परीक्षा करूं गेल्यानें या दोन्ही गोष्टी होतात. कान गर्भांत कसकसा घडतो हें एकदां समजलें, म्हणजे ही परीक्षा किती फसवी आहे तें आपोआपच ध्यानांत येईल.

कानाचीं तीन दालनें

जुन्या वाड्याला जशी ओसरी, माजघर आणि देवघर, तशीं कानालाही एकामागें एक तीन दालनें आहेत. त्यांस बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतःकर्ण अशीं नांवें आहेत.

बाह्यकर्ण म्हणजे बाहेरची पाळी आणि तिच्यापासून आंत जाणारी सुमारें अडीच सेंटिमीटर लांबीची वांकडी नळी. पाळीचा वरचा भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक मऊ हाडाचा असतो. खालचें बोंड मात्र केवळ मांस-चरबीचें असतें. नळीच्या शेवटीं कानाचा पडदा ताणून बसविलेला असतो. त्याचा व्यास नऊ-दहा मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाइतकी. हवेंतून आलेल्या ध्वनिलहरी या पडद्यावर आदळतात आणि तो थरारूं लागतो.

पडद्यापलीकडे मध्यकर्ण. ही हवेनें भरलेली एक चिंचोळी पोकळी असून घशाशीं ती एका नळीनें जोडलेली आहे. सोळाव्या शतकांत या नळीचें सविस्तर वर्णन करणाऱ्या बार्तोलोमेओ यूस्टाकी या इटालियन शारीरशास्त्रज्ञावरून तिला यूस्टेशियन नलिका म्हणतात. घाट चढतांना कान बंद होतात आणि आवंढा गिळतांच सुटतात, तें या नळीचें तोंड उघडल्यामुळें. या पोकळींत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा आकारांचीं तीन हाडें एकमेकांस जोडून टांगलेलीं असतात. त्यांतील रिकीब हें माणसाच्या शरीरांतलें सर्वांत लहान हाड होय. त्याची उंची सुमारें तीन मिलिमीटर आणि वजन सुमारें तीन मिलिग्रॅम.

हीं हाडें कशासाठीं? आंतल्या कानांत द्रव भरलेला आहे. हवेंतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर पडला, तर त्याचा जवळजवळ सगळा जोर परत फिरतो. हजारांतला एखादा भागच पाण्यांत शिरतो. तळ्यांत बुडी मारणाऱ्याला कांठावरचें बोलणें ऐकूं येत नाहीं तें यामुळेंच. ही अडचण तीन हाडांनीं दूर केली आहे. मोठ्या पडद्यावर पडलेला जोर तीं त्याच्या सुमारें एक सतरांश आकाराच्या छोट्या खिडकीवर आणून सोडतात. हाडांच्या तरफेचा फायदा त्यांत मिळून दाब वीसपटींहून अधिक वाढतो, आणि आवाज द्रवांत शिरतो.

त्या खिडकीपलीकडे अंतःकर्ण. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांचा. त्याचा ऐकण्याशीं संबंध नसून तोल सांभाळण्याशीं आहे. मुली फुगडी खेळून थांबल्या, तरी त्यांना भोंवतालचें घर फिरतांना दिसतें, कारण या नळ्यांतला द्रव कांहीं काळ फिरतच राहतो. दुसरा भाग शंखासारखा, अडीच ते पावणेतीन वेढे घेतलेला. उलगडला तर सुमारें पस्तीस मिलिमीटर लांब. यास कर्णशंख म्हणूं. त्याच्या आंत एका पातळ पट्टीवर केंसांसारखीं अग्रें असलेल्या पेशींच्या रांगा आहेत. आल्फोन्सो कोर्ती यानें १८५१ सालीं त्यांच्या रचनेचें सूक्ष्म वर्णन प्रसिद्ध केलें. आंतल्या रांगेंत सुमारें साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत सुमारें बारा हजार, एवढ्याच या केशपेशी. शंखाच्या पायथ्याशीं उंच स्वर आणि टोंकाशीं खालचे स्वर ओळखले जातात. द्रवांतल्या लहरी पट्टीवरून कशा धांवतात हें गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञानें दाखविलें. त्याबद्दल त्याला १९६१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. येथें केशपेशी हलतात, विजेचा सूक्ष्म स्पंद उठतो, आणि मज्जातंतु तो मेंदूकडे नेतो. माणसांत या पेशी एकदां मेल्या, कीं पुन्हां उगवत नाहींत.

तीन दालनें, तीन मुळें

आतां मुख्य गोष्ट. हीं तीन दालनें एकाच बीजापासून क्रमानें वाढत गेलेलीं नाहींत. तीं तीन निरनिराळ्या ठिकाणीं, निरनिराळ्या वेळीं सुरूं होतात आणि मग एकमेकांस येऊन मिळतात. आश्चर्य असें, कीं सर्वांत आंतलें दालन सर्वांत आधीं सुरूं होतें.

गर्भधारणेपासून सुमारें बाविसाव्या दिवशीं, म्हणजे आई होणार हें घरांत अजून कोणाला धड कळलेलेंही नसतें तेव्हां, भ्रूणाच्या डोक्याच्या दोहों बाजूंस, मेंदूच्या मागच्या भागाशेजारीं, त्वचेचा एकेक लहानसा ठिपका जाड होतो. थोड्याच दिवसांत तो खोलगट होतो, त्याचे कांठ जुळून येतात, आणि चौथ्या आठवड्यांत त्वचेपासून सुटून एक बंद पिशवी आंत जाऊन बसते. हा अंतःकर्णाचा आरंभ. या पिशवीच्या वरच्या भागापासून तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्या होतात. खालच्या भागांतून सहाव्या आठवड्यांत एक कोंब निघतो, वळूं लागतो, आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस त्याचे अडीच वेढे पुरे होतात. पुढें भोंवतीं कठीण हाड धरतें. गर्भ पांच महिन्यांचा होतो न होतो, तोंच हा शंख आकारानें मोठ्या माणसाच्या शंखाइतका झालेला असतो. मूल जन्मल्यावर हात वाढतात, पाय वाढतात, परंतु हा भाग वाढावयाचा राहिलेला नसतो.

मध्यकर्णाचें मूळ वेगळें. चौथ्या-पांचव्या आठवड्यांत भ्रूणाच्या मानेच्या बाजूंस आडव्या वळकट्या उठतात. माशाच्या गर्भांतही अशाच वळकट्या असतात आणि त्यांतील मागच्या वळकट्यांपासून त्याचे कल्ले बनतात. मनुष्यगर्भांत पहिल्या वळकटीपासून जबडा होतो. हातोडी आणि ऐरण हीं दोन हाडें त्याच वळकटींतलीं. रिकिबीचा मुख्य भाग दुसऱ्या वळकटींतला. घशाच्या आंतून एक पिशवी बाहेरच्या बाजूस वाढत येते. तीच पुढें मध्यकर्णाची पोकळी आणि यूस्टेशियन नलिका होते. हाडें आरंभीं मऊ पेशीजालांत रुतलेलीं असतात; गर्भवासाच्या शेवटच्या महिन्यांत तें जाल विरघळून जातें आणि हाडें मोकळीं होतात.

कानांतल्या हाडांचा आणि जबड्याचा हा संबंध कार्ल राइखर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८३७ सालीं डुकराच्या गर्भांचें निरीक्षण करून मांडला. सरपटणाऱ्या प्राण्यांत जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा असतो, तींच हाडें सस्तन प्राण्यांत हातोडी आणि ऐरण होऊन कानांत गेलीं आहेत, असें त्याच्या निरीक्षणांतून निघालें. पुढें जीवाश्मांनींही याला साक्ष दिली. सुमारें वीस कोटी वर्षांपूर्वींच्या मॉर्गनुकोडॉन या चिचुंद्रीएवढ्या प्राण्याच्या जबड्यांत जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारीं-शेजारीं आढळतात. ज्या हाडांनीं एके काळीं भक्ष्य चावलें जात होतें, त्यांनींच आज आपण गाणें ऐकतों.

बाह्यकर्ण हें तिसरें मूळ. पहिल्या दोन वळकट्यांमध्यें बाहेरून जी खांच असते, तिची कानाची नळी होते. त्या खांचेभोंवतीं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सहा लहान उंचवटे दिसूं लागतात. तीन पुढच्या वळकटीवर, तीन मागच्या वळकटीवर. विल्हेल्म हिस यानें १८८५ सालीं त्यांचें वर्णन केलें. हे सहा उंचवटे एकमेकांत मिसळून पाळीची सारी वळणें तयार होतात. त्या वेळीं कान मानेच्या अगदीं खालीं असतात. खालचा जबडा वाढतो तसतसे ते वर सरकत डोळ्यांच्या रेषेंत येतात. कांहीं माणसांच्या कानापुढें टांचणीनें टोचल्यासारखें जें बारीक छिद्र असतें, तें हे उंचवटे जुळतांना राहून गेलेल्या फटीचें चिन्ह होय. अनेक घराण्यांत तें पिढ्यान् पिढ्या चालतें, आणि तेथें सूज-पू होत नसेल तर त्याला कांहीं करावें लागत नाहीं. नळी मध्यंतरीं पेशींच्या बोळ्यानें बुजलेली असते आणि सातव्या महिन्याच्या सुमारास पुन्हां मोकळी होते.

बाह्यकर्ण आणि मध्यकर्ण यांचीं मुळें जेथें येऊन भिडतात, ती जागा म्हणजे कानाचा पडदा. त्याचा बाहेरचा थर त्वचेचा, आंतला थर घशाच्या अस्तराचा आणि मधला थर दोहोंमधल्या धाग्यांचा. गर्भाच्या आरंभींचे तिन्ही मूळ थर अशा पातळ पडद्यांत एकत्र आलेले पाहून कोणाही अभ्यासकाला कौतुक वाटेल.

दोष कोणाचा?

मुळें तीन, म्हणून दोषही तीन प्रकारचे. कांहीं हजार बालकांत एखाद्याची पाळी अपुरी, मुडपलेली किंवा जवळजवळ नसलेली असते. पुष्कळदां एकाच बाजूची. पाळी व तीन हाडें यांचीं मुळें त्याच वळकट्यांत असल्यामुळें अशा बाळाची नळी बुजलेली आणि हाडें जखडलेलीं असण्याचा संभव असतो. परंतु अंतःकर्णाची पिशवी वेगळ्या जागीं, त्यांच्याही आधीं तयार झालेली असते, म्हणून ती बहुधा शाबूत असते. अशा मुलाला आवाज कवटीच्या हाडांतून पोंचवितां येतो. त्यासाठीं मऊ पट्ट्यानें डोक्याला बांधावयाचें यंत्र तान्ह्या वयांतही वापरतां येतें. पाळी पुढें सहा-आठ वर्षांच्या वयानंतर बरगडीच्या कूर्चेपासून घडवितां येते. म्हणजे ज्याच्या कानाकडे पाहून आजीच्या डोळ्यांत पाणी येतें, तें मूल उत्तम बोलूं शकतें, शाळेंत पहिलें येऊं शकतें.

उलट ज्याच्या केशपेशी जन्मतःच काम करीत नाहींत, त्याच्या पाळीवर त्याचें कसलेंही चिन्ह नसतें. त्याचा कान चित्रांत काढावा तसा असतो. तें रडतें, हंसतें, आईचा चेहरा पाहून हुंकार देतें. दार आपटलें तर जमिनीच्या हादऱ्यानें दचकतें. यामुळेंच सारें घर फसतें.

ग्रहणाविषयीं येथें स्पष्ट बोललें पाहिजे. ग्रहण म्हणजे सावली. ती एका वेळीं पृथ्वीच्या मोठ्या भागावरून दिसते. त्या वेळीं देशोदेशींच्या लाखों गर्भवती स्त्रिया स्वयंपाक करीत असतात, भाज्या चिरीत असतात, शिवीत असतात, आणि त्यांचीं मुलें अव्यंग जन्मतात. शिवाय पाळीचे उंचवटे उठतात आणि जुळूं लागतात ते दुसऱ्या महिन्यांत. सातव्या महिन्यांत विळी हातीं धरल्यानें जुळलेलें उसवत नाहीं. जी सून आधींच बाळंतपणानें थकलेली आणि बाळाच्या काळजीनें खचलेली आहे, तिला असा प्रश्न विचारणें हें अज्ञान तर खरेंच, पण निष्ठुरपणाही आहे.

मग खरीं कारणें कोणतीं? कांहीं बाबतींत तीं सांपडत नाहींत. जीं सांपडलीं आहेत, त्यांत पहिलें रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनीं १९४१ सालीं दाखविलें, कीं गरोदरपणाच्या आरंभीं ज्या आयांना हा सौम्य दिसणारा ताप येऊन गेला, त्यांचीं बाळें मोतीबिंदू घेऊन जन्मलीं. त्यांपैकीं पुष्कळांना ऐकूंही येत नाहीं, हें त्यानंतर लवकरच उघड झालें. शंखाचे वेढे पडत असतांनाच हा विषाणु तेथें पोंचतो. यावर लस आहे, आणि भारतांत २०१७ पासून गोवर-रुबेला लस राष्ट्रीय लसीकरणांत दिली जाते. मुलीला ती लस मिळाली आहे कीं नाहीं हें लग्नाआधीं पाहणें, हें पुढच्या पिढीच्या कानांचें रक्षण आहे.

दुसरें कारण औषधें. थॅलिडोमाइड हें झोपेचें औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस युरोपांत व इतरत्र गरोदर स्त्रियांना मळमळीवरही दिलें गेलें. त्याचे भयंकर परिणाम १९६१ सालीं उघड झाले. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास तें ज्यांच्या पोटांत गेलें, त्यांच्या कांहीं बालकांना कानच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनच्या जातीचीं कांहीं औषधेंही केशपेशींस अपाय करतात. यास्तव गरोदरपणीं कोणतेंही औषध, मग तें घरगुती असो वा दुकानांतून आणलेलें, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊं नये.

तिसरें कारण आनुवंशिक, आणि तेंच सर्वांत अधिक गैरसमजाचें. "आमच्या घराण्यांत कोणी बहिरें नाहीं" हें वाक्य डॉक्टरांना नेहमीं ऐकावें लागतें. परंतु जन्मतः बहिऱ्या असलेल्या बहुसंख्य मुलांच्या आईबापांना चांगलें ऐकूं येत असतें. १९९७ सालीं कॉनेक्सिन-२६ नांवाच्या प्रथिनाच्या जनुकांतला दोष या बहिरेपणाच्या मुळाशीं असल्याचें आढळलें, आणि अनेक देशांत तें त्याचें सर्वांत मोठें आनुवंशिक कारण ठरलें. असा सदोष जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही आले तरच मूल बहिरें होतें. एकच असेल तर त्या माणसाला कांहीं होत नाहीं, मात्र तो पुढें जाऊं शकतो. दोघेही असे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतींत चारांत एक असा संभव असतो. म्हणून दोष एकट्या सुनेच्या माहेरचा, असें या प्रकारांत कधींच म्हणतां येत नाहीं. आते-मामे भावंडांत सरासरीनें एक अष्टमांश जनुक समान असतात, म्हणून त्यांच्या लग्नांत हा संभव वाढतो. देशस्थांतील कांहीं घराण्यांत मामेबहीण करण्याची चाल पूर्वापार आहे; तिचा विचार आतां या माहितीच्या प्रकाशांत करणें योग्य होईल.

गर्भांतलें ऐकणें

सुभद्रेच्या उदरांत अभिमन्यूनें चक्रव्यूहाचा भेद ऐकला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. शास्त्र याविषयीं काय म्हणतें? सहाव्या महिन्याच्या अखेरीपासून गर्भ बाहेरच्या मोठ्या आवाजाला प्रतिसाद देतो. त्याच्या हृदयाचे ठोके बदलतात, तो हलतो. आईचा आवाज तिच्या शरीरांतूनच त्याच्यापर्यंत पोंचतो. अमेरिकेंत डीकॅस्पर आणि फायफर यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीन दिवसांच्या आंतलीं बालकें परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षां आपल्या आईचाच आवाज ऐकूं यावा अशा रीतीनें बोंडलें चोखीत, असें दिसून आलें. गर्भाला अर्थ कळतो असें यावरून ठरत नाहीं. स्वराचा चढउतार, लय आणि आईची बोलण्याची धाटणी मात्र तो जन्माआधींच ओळखूं लागलेला असतो.

याचाच दुसरा अर्थ असा, कीं ज्याचे कान काम करीत नाहींत, तें बाळ जन्माच्या वेळींच इतरांच्या तीन महिने मागें असतें. मेंदूचा भाषेचा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्यानें घडतो, आणि त्या काळांत भाषा पोंचलीच नाहीं तर ती उणीव पुढें भरून काढणें फार कठीण जातें. अशा मुलाला आपल्याकडे 'मुका' म्हणतात. वस्तुतः त्याचा गळा, जीभ, ओंठ सर्व ठीक असतात. भाषा त्याच्यापर्यंत आलीच नाहीं, म्हणून ती त्याच्या तोंडून निघत नाहीं.

घरानें काय करावें?

हजार जन्मांत एक ते तीन बालकांना लक्षांत घेण्याजोगा श्रवणदोष असतो. तो ओळखण्याची सोय आतां सोपी झाली आहे. निरोगी केशपेशी आवाज ऐकतांना स्वतःही अतिशय सूक्ष्म आवाज करतात, असें डेव्हिड केम्प या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७८ सालीं दाखवून दिलें. झोपलेल्या बाळाच्या कानांत मऊ बोंडी ठेवून हा प्रतिध्वनि कांहीं मिनिटांत मोजतां येतो. बाळाला सुई टोंचावी लागत नाहीं, कीं औषध द्यावें लागत नाहीं. पहिल्या वेळीं प्रतिध्वनि मिळाला नाहीं, तर घाबरूं नये. नव्या बाळाच्या कानांत द्रव राहिल्यानेंही तसें होतें. मात्र परीक्षा पुन्हां करावी, आणि तरीही मिळाला नाहीं तर मेंदूपर्यंत आवाज पोंचतो कीं नाहीं हें पाहणारी दुसरी तपासणी करावी. तज्ज्ञांचा नियम सोपा आहे: पहिली परीक्षा एक महिन्याच्या आंत, निदान तीन महिन्यांच्या आंत, उपाय सहा महिन्यांच्या आंत. ज्याला घराबाहेरच्या दक्षता-कक्षांत राहावें लागलें, ज्याला तीव्र कावीळ झाली, किंवा ज्याच्या घराण्यांत श्रवणदोष आहे, त्या बाळाची दोन्ही परीक्षा अवश्य करावी.

उपायही पुष्कळ आहेत. कांहींना श्रवणयंत्र पुरतें. ज्यांच्या केशपेशी निकामी आहेत, त्यांच्या शंखांत बारीक विद्युत्-तार बसवून मज्जातंतूला सरळ संदेश देतां येतो. या कल्पनेचा पहिला प्रयोग १९५७ सालीं पॅरिसमध्यें झाला, आणि १९७८ सालीं ग्रेम क्लार्क यांनीं मेलबर्न येथें अनेक विद्युदग्रांचें यंत्र एका रुग्णाला बसविलें. वर्षाच्या आसपासच्या बालकाला हें मिळालें, तर त्याचा उपयोग उशिरां बसविण्यापेक्षां पुष्कळ अधिक होतो. अर्थात् त्यानंतर घरच्यांनीं वर्षानुवर्षें त्याच्याशीं बोलत राहावें लागतें. ज्यांना तें शक्य नाहीं किंवा नको आहे, त्यांच्यासाठीं हातांची खूणभाषा आहे. तीही पूर्ण भाषा आहे आणि तीही लहानपणींच शिकवावी. सरकारच्या २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मजात बहिरेपणाची तपासणी अंतर्भूत आहे, आणि मुंबईस वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठीं आहे.

रोजच्या व्यवहारांतल्याही दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतों. कानांत कोमट तेल घालण्याची चाल सोडावी. नळीची त्वचा हळूहळू बाहेरच्या बाजूस सरकत असते आणि मळ आपला आपण बाहेर येतो. पडद्याला भोंक असल्यास तेल मध्यकर्णांत शिरून दुखणें वाढवितें. तान्ह्या मुलाची यूस्टेशियन नलिका आंखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून त्याला सपाट निजवून दूध पाजूं नये; डोकें थोडें वर धरावें, म्हणजे घशांतलें दूध व जंतु कानाकडे जाणार नाहींत. कान टोचण्याविषयीं सुश्रुतानें सविस्तर लिहिलें आहे आणि फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा रीती दिल्या आहेत. बोंडांत कूर्चा नसल्यामुळें तेथें टोचणें सुरक्षित. परंतु भिकबाळीसाठीं वरची पाळी टोचावयाची असेल, तर सुई निर्जंतुक असलीच पाहिजे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तेथें पू धरला, तर ती विरघळून कान कायमचा मुडपतो.

आपल्याकडे बाराव्या दिवशीं बारसें होतें. पाळणा सजतो, घुगऱ्या वांटल्या जातात, आणि आत्या बाळाच्या कानाशीं तोंड नेऊन त्याचें नांव सांगते. कुटुंबांतल्या ज्या कोणाकडे बारशाची यादी करण्याचें काम असेल, त्यानें तींत एक ओळ वाढवावी: "बाळाच्या कानांची परीक्षा झाली का?" नसेल झाली, तर त्याच आठवड्यांत करून घ्यावी. महिना पुरा होण्यास तेव्हां अजून अठरा दिवस हातांत असतात.